मोहोळाचे मेण आणि दुसरी शिंक

१९३८ साल संपत असताना, पौषात, आमच्या खळ्यावर ज्वारीची रास मापताना माझे थोरले चुलते शिंकले. शिंका एकाहून जास्त होत्या. किती होत्या, यावर हजर असलेल्यांचे एकमत झाले नाही. माझे वडील आठ म्हणाले. शेजारच्या शेताचे मालक नऊ म्हणाले. खुद्द चुलते मोजण्याच्या स्थितीत नव्हते.

हा वाद किरकोळ नव्हता. आमच्याकडे एकटी शिंक वाईट आणि जोडीची चांगली समजत. कोणी गावाला निघाला आणि घरात शिंक झाली तर तो उंबऱ्यावरच थांबे. लगेच दुसरी झाली तर काम बराबर होणार म्हणून निघे. आठ शिंका म्हणजे चार जोड्या, त्यात भिण्यासारखे काही नाही. नऊ म्हणजे एक उरली.

आमचे गाव हट्टा या बाजारगावाच्या शिवेला लागून. जमीन काळी, मुख्य पीक ज्वारी. कणसे खळ्यावर पसरून त्यांवर बैल फिरवायचे, वाऱ्यावर उपणून भुसा उडवायचा आणि खाली उरेल तो स्वच्छ धान्याचा ढीग म्हणजे रास. ती मापायला घरातला किंवा गावातला ठरलेला माणूस बसे. तो अंघोळ करून, अनवाणी येई. पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. पुढे दोन, तीन, असे. मापणाऱ्याखेरीज खळ्यावर कोणी बोलायचे नाही, मापणाऱ्याने मधे उठायचे नाही आणि भरलेले माप खाली टेकवायचे नाही. यात चूक झाली की राशीची बरकत जाते असे मानत. मापून होईपर्यंत बायका खळ्यावर येत नसत, बांधावर बसून राहत.

चुलत्यांना घरात आणि गावात सगळे आबा म्हणत. आजोबांच्या मागे आमच्या घरची रास तेच मापत आले होते आणि गावातली पुष्कळ घरेही त्यांनाच बोलावत. त्यांचा हात बरकतीचा आहे असा समज होता. त्याबद्दल ते जेवण आणि वर एक सुपारी, एवढेच घेत. पौषात ते घरी क्वचित जेवत. त्यांच्या पत्नीला आम्ही मोठी माय म्हणत असू. ती म्हणे, "अकरा म्हयने माजा, पौषात गावाचा."

त्या शिंकांनंतर दुसऱ्याच दिवशी आबांना शेजारची रास मापायची होती. शेजारच्या शेताचे मालक म्हणजे नऊ मोजणारे गृहस्थ. त्यांना तात्या म्हणत. सकाळी त्यांचा गडी निरोप घेऊन आला.

"तात्या म्हणले, आबाला तकलीफ नगं. पोरगं मापल आमचं."

"तकलीफ कसली?" आबांनी विचारले.

गडी खाली बघत राहिला. मोठी माय म्हणाली, "जा बाबा तू. त्यास्नी म्हणावं, आबा बी आज कामात हाईत."

आबांना त्या दिवशी काही काम नव्हते. त्या हंगामात आणखी चार-दोन घरांनी असेच निरोप पाठवले. काहींनी निरोपही पाठवले नाहीत.

शिंकांचा त्रास त्याआधी तीनेक वर्षे चालू होता. भाद्रपद सरताना ज्वारी फुलोऱ्यात आली की आबांची टाळू खाजू लागे, डोळे लाल होत आणि शिंकांची माळ सुरू होई. दिवाळीनंतर कमी होई आणि खळ्यावर मळणी सुरू झाली की पुन्हा उसळे. मळणीत ज्वारीची बारीक, खाजरी धूळ उडते, तिला कूस म्हणतात. ती सगळ्यांनाच चावते, आबांना नाकातून चावे. त्यांची शिंक मोठी होती. गोठ्यातली जनावरे कान टवकारीत. सकाळी बाजाराला निघालेले लोक आमच्या दारावरून न जाता मागच्या बोळाने जात. एकदा मुलगी बघायला निघालेली माणसे भरल्या गाडीसह आमच्या घरासमोर थांबून राहिली, कारण आतून एक शिंक आली होती आणि दुसरी येत नव्हती. शेवटी त्यांच्यातला एक जण आत आला आणि म्हणाला, "आबा, आणिक एक शिंका की. पोरीकडचे वाट बघून राहिले." आबांनी प्रयत्न केला. दोन आल्या, म्हणजे एकूण तीन झाल्या. गाडी माघारी गेली.

शिमग्याच्या सुमारास आबा माझ्या वडिलांना म्हणाले, "गावानं न्हाई बोलीवलं तर न्हाई. पर आपल्या राशीला बी दुसऱ्याचा हात लागला, तर मी पुन्यांदा माप धरायचो न्हाई."

पुढच्या पौषात खळ्यावर कोण बसणार, हा प्रश्न तेव्हापासून घरात होता.

हट्ट्याच्या बाजारात एक हकीम बसत. आबांना त्यांच्याकडे न्यायचे मोठ्या मायने ठरवले आणि गाडी मी हाकली. हकीमसाहेबांनी आबांचे डोळे पाहिले, नाकपुड्या पाहिल्या, त्रास कोणत्या महिन्यात होतो ते विचारले. आबा सांगत असतानाच शिंकले. हकीमसाहेबांनी पुड्यांचे तबक जरा बाजूला सरकवले.

"ये सर्दी नहीं जी. नजला है," नाक वाहण्याच्या जुनाट विकाराचे नाव घेत ते म्हणाले. "फूल का गर्दा नाक में जाता. शहद खाव. सुबू-सुबू एक चम्मच, कुनकुने पानी में. बजार का नक्को, उसमें गुड़ रहता. अपने इलाके का होना. छत्ता तोड़ते वखत खुद खड़े रहव."

मोठी माय दाराशी पदर सावरून बसली होती. ती म्हणाली, "म्हंजी मोहोळ काढाया बी आमीच जायाचं?"

"तुम नहीं बी, इनको भेजो. ये छींके तो मक्खियाँ आपीच भाग जाती."

मोठी माय हे वाक्य पुढे बरीच वर्षे सांगत असे, आणि दर वेळी हकीमसाहेबांच्या आवाजात.

आमच्या बांधावरच्या बोरीत लहान माशांचे एक मोहोळ होते. ते वैशाखात काढले. वाटीभरही मध निघाला नाही. आबांनी तो पुरवून पुरवून घेतला आणि नाक मोकळे झाल्याचे सांगितले. तेव्हा शेतात ना फुलोरा होता ना मळणी, त्यामुळे फरक मधाने पडला की हंगामच नव्हता म्हणून, हे सांगता येत नाही. पुढेही मध मिळाला की ते घेत. काही वर्षी शिंका कमी आल्या, काही वर्षी नाही. आबांचा मात्र मधावर विश्वास बसला. फुलोऱ्याच्या आधीपासून रोज घेतला तर गुण येणारच, असे ते म्हणू लागले. पण त्या पावसाळ्यात मध कोणाकडे मिळाला नाही. ज्वारी फुलोऱ्यात आली आणि आबांचा तो भाद्रपद आणि आश्विन नेहमीसारखा गेला.

दिवाळी झाल्यावर बातमी लागली, की औंढ्याच्या अलीकडे डोंगरात एक तांडा आहे, तिथला एक माणूस कड्यावरची आग्या मोहोळे काढतो. मळणीला अजून अवकाश होता. आबांनी एका रविवारी सकाळी गाडी जुंपायला सांगितली. मधाच्या बदल्यात द्यायला ज्वारीचे पोते घेतले, नवे गाडगे घेतले. मोठी माय गाडीत येऊन बसली तेव्हा आबांनी विचारले, "तू काहून?"

"नागनाथाला जायाचं न्हाई व्हय? सोमवार हाय उद्या. तुमी नवस बोलला, का मी?"

नवस आबांनीच बोलला होता. मिळेल त्या मधातला पहिला थेंब नागनाथाच्या पिंडीवर.

तांड्यावर आम्ही दुपार कलताना पोचलो. मध काढणारा माणूस आबांच्याच वयाचा होता. त्याने आबांना बघताच विचारले, "डोळे असे का हो?" कारण कळल्यावर म्हणाला, "मग तुम्ही लांब थांबा. वर मी टांगलेला असणार. खालून आवाज झाला, की माशा मला खाणार."

"हकीमानं सांगितलंय, सवता हुबं ऱ्हायाचं," आबा म्हणाले.

"हकीम चढणार आहे का कड्यावर?"

तडजोड झाली. आबा नाकावर उपरणे दाबून एका खडकाआड उभे राहिले. त्या माणसाने ओल्या गवताची चूड पेटवली, दोर कमरेला बांधला आणि पहिला पाय कड्यावर ठेवला. खडकाआडून शिंक आली. त्याने पाय खाली घेतला आणि दोर धरून, आमच्याकडे न बघता तो थांबला. थोड्या वेळाने दुसरी आली. तो म्हणाला, "बराबर," आणि चढला.

मोहोळ मोठे निघाले. खाली आल्यावर त्याने पोळे हातांनी पिळून गाडगे काठोकाठ भरले. पिळून राहिलेला चोथा तो बाजूला टाकत होता, तेवढ्यात मोठ्या मायने पळसाची पाने पुढे केली.

"ते द्या मला."

"त्यात मध नाही राहिला, बाई."

"मध नगं. कुंकवाच्या मेणाला लागतंय."

तेव्हा बायका कपाळावर आधी मेणाचे बोट लावून त्यावर कोरडे कुंकू टेकवीत. मेण चांगले असेल तर कुंकू दिवसभर उन्हातही ढळत नसे. मोठ्या मायने चोथ्याचा पुडा बांधून गाडीत आपल्या पायाशी ठेवला. गाडगे आबांच्या मांडीवर होते.

सोमवारी सकाळी औंढ्याला देवळात गर्दी होती. मोठी माय म्हणाली, "वाटीत घिऊन जा थोडा. गाडगं माज्यापाशी ऱ्हाऊ द्या."

"देवाला वाटीत काहून? उसनं दिल्यावाणी दिसतंय," आबा म्हणाले. "गाडगंच नेतो. पुजारी थेंब घेतील, बाकी वापस."

आमच्या गावच्या मारुतीला काही नेले, की गुरव त्यात पळी बुडवून देवाला दाखवी आणि उरलेले भांडे परत हातात देई. आबांनी आयुष्यात बहुतेक नैवेद्य तिथेच दिले होते. औंढ्याला पिंड खाली आहे. अरुंद वाटेने वाकून उतरावे लागते आणि खाली थोडीच माणसे मावतात. आबा गाडगे घेऊन उतरले. मोठी माय आणि मी वर थांबलो. ते वर आले तेव्हा गाडगे त्यांच्या हातात उपडे होते.

"मध कुठं हाय?"

"देवाला."

"समदा?"

"समदाच. त्यायनी गाडगं घेतलं, गाव इचारलं, आन केलं पालथं."

"तुमी बोलला न्हाई? थेंबच म्हणून?"

"बोलणार व्हतो. शिंक आली."

मोठी माय पिंडीच्या वाटेकडे वळली. मग तिने हात जोडले आणि म्हणाली, "बरं झालं. देवाचा नजला तरी गेला."

यात पुजाऱ्यांची काही चूक नव्हती. अभिषेकाला म्हणून दिलेला मध त्यांनी अभिषेकाला वापरला. आबांनीही तसे कधी म्हटले नाही. परतताना आम्ही गाडी तांड्याकडे वळवली. त्या माणसाने हात हलवून दुरूनच नाही म्हटले. धुरानंतर कड्यावरच्या माशा उठून गेल्या होत्या. शिमग्यापर्यंत आता मोहोळ नाही, असे तो म्हणाला. त्याने ज्वारीतली थोडी परत देऊ केली, ती आबांनी घेतली नाही.

घरी आल्यावर मोठ्या मायने चोथा पाण्यात उकळला, फडक्यातून गाळला आणि भांडे रात्रभर झाकून ठेवले. सकाळी वर पिवळ्या मेणाची जाड चकती धरली होती. त्यातले थोडे तिळाच्या तेलात विरघळवून तिने कुंकवासाठी डबीत भरले. उरलेल्यात तेल जास्त घालून मऊ मलम केले. ते टाचांच्या भेगांसाठी. थंडीत शेतातल्या सगळ्या बायांच्या टाचा फुटत, आणि आमच्या घरचे हे मलम वाड्यावस्त्यांवरही जाई.

मळणी सुरू झाली तसे आबांचे नाकही सुरू झाले. उपरण्याने पुसून पुसून ते सोलले होते, नाकपुड्यांच्या कडांना चिरा पडल्या होत्या. एका सकाळी खळ्यावर निघताना मोठ्या मायने त्यांना ओसरीवर बसवले आणि टाचेचे मलम बोटावर घेतले.

"टाचेचं मेण नाकाला लावतीस?"

"टाच काय, नाक काय. भेग पडली की सारकंच. हालू नका."

तिने नाकपुड्यांच्या कडांना लावले आणि बोट आतूनही फिरवले. आबांनी तक्रार केली की मोहोळ नाकात बसल्यासारखे वाटते. त्या दिवशी खळ्यावर बैलांची पात मी हाकत होतो. आबा दिवसभर कुसेत उभे होते आणि संध्याकाळी घरी आले तेव्हा मोठी माय म्हणाली, "आज आवाज कमी आला."

आबांना ते पटले नाही. दुसऱ्या दिवशी ते मेण न लावता गेले आणि दुपारच्या आत भाकरी अर्धी टाकून घरी आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन नाक पुढे केले. मग रोज. घरी आल्यावर फडक्याने नाक पुसले की फडके काळे होई. कूस मेणाला चिकटत असावी आणि आत जात नसावी, असा आमचा तर्क होता. त्याहून जास्त काही आम्हाला माहीत नव्हते. डोळे लालच राहिले, टाळूही खाजत राहिली. शिंका थांबल्या नाहीत, पण माळ तुटली.

तात्या एकदा बांधावरून जात असताना मोठी माय खळ्याच्या कडेला आबांच्या नाकाला मेण लावत होती. ते थांबले.

"मेण झालं आबा, आता कुंकू कवा?"

"राशीच्या दिशी या," आबा म्हणाले. "तुमाला बी लावू."

तात्या हसले आणि पुढे गेले. आबांच्या हातून स्वतःची रास मापून घेण्याचा विषय मात्र त्यांनी काढला नाही.

राशीच्या आदल्या संध्याकाळी माझे वडील मोठ्या मायजवळ जाऊन बसले. आबा गोठ्यात होते.

"वैनी, उद्या कसं?"

"कसं म्हंजी? तेच बसतील."

"आन शिंक आली तर?"

"आली तर येईल."

"एकच आली तर, म्हणून राहिलो मी."

"येकीला दुसरी येती, भावजी. मी चार वरसं ऐकून राहिले."

वडिलांनी पान लावले, निम्मे तिला दिले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर आबा राशीसमोर बसले. नाकाला मेण होते. राशीची पूजा झाली. वडील पोत्याचे तोंड धरून उभे, त्यांच्या मागे मी. तात्या आले होते आणि खळ्याच्या कडेला उकिडवे बसले होते. मोठी माय आणि माझी आई बांधावर. आबांनी पहिले माप भरले आणि म्हणाले, "लाभ."

निम्मी रास होईपर्यंत काही झाले नाही. आबांचा आवाज एका लयीत चालला होता. मग वारा फिरला. भुशाच्या ढिगावरून धुळीची एक पट्टी सरळ खळ्यावर आली, आणि आबा शिंकले. एकदाच.

भरलेले माप त्यांच्या दोन्ही हातांत होते. ते त्यांनी धरून ठेवले. बोलायची सोय नव्हती. तात्यांनी एक बोट वर केले. मग त्याच्याशेजारी दुसरे बोट वर करून भुवया उडवल्या. आबांनी मान डोलावली आणि वाट बघू लागले. तोंड उघडले, डोळे मिटले, पुन्हा उघडले. काही आले नाही. त्यांनी सूर्याकडे पाहिले. एरवी उन्हात पाहिले की त्यांना हमखास शिंक येई. आली नाही. नाक मेणाने बंद होते.

तात्या उठले. त्यांनी कनवटीची तपकिरीची डबी काढली, चिमूट घेतली आणि ती आबांच्या नाकाला लावली. तपकीर मेणावर बसली. आबा तसेच, माप हातात घेऊन, दोन्ही नाकपुड्या तपकिरी करून बसून राहिले. वडिलांनी पोत्याचे तोंड सोडले नाही, पण मान फिरवली. त्यांचे खांदे हलत होते.

"अवं, मेण पुसा की!" बांधावरून मोठी माय ओरडली.

आबांनी हातातल्या मापाकडे पाहिले आणि मग तिच्याकडे. हात मोकळे नव्हते. वडिलांचे पोत्यात गुंतलेले. तात्या मागे सरले होते. मोठी माय बांधावरून उतरली, खळ्याच्या कडेला थांबली, खाली वाकून तिने खळ्याला हात लावून नमस्कार केला आणि सरळ राशीपाशी आली. पदराने तिने आबांच्या नाकातले मेण आणि तपकीर एकदम पुसून काढली.

दुसरी शिंक लगेच आली. मापातले थोडे दाणे उडाले, ते राशीवरच पडले. तात्यांनी दोन बोटे वर केली आणि मान हलवली. तेवढ्यात आबांचा वरचा ओठ पुन्हा थरथरू लागला. माळ सुरू होताना तो तसाच थरथरत असे, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होते. मोठ्या मायने कमरेची डबी काढली. ती कुंकवाच्या मेणाची होती. बोटभर मेण काढून तिने दोन्ही नाकपुड्यांत भरले आणि वरून नाक चिमटीत धरले. आबांचे डोळे भरून आले. सगळे थांबले. तिसरी आली नाही.

आबांनी पुढचा आकडा म्हटला. नाक तिच्या चिमटीत असल्यामुळे तो विचित्र ऐकू आला, पण ऐकू आला. माप पोत्यात गेले. मग तिने नाक सोडले. ती परत गेली नाही, त्यांच्या शेजारीच डबी मांडीवर घेऊन बसली. रास संपेपर्यंत ते दोघेच खळ्याच्या मध्ये होते. ती बोलली नाही आणि ते उठले नाहीत.

मापून झाल्यावर वाद झाला. मोठी माय ओरडली तेव्हा बांधावर होती, म्हणजे ते खळ्यावरचे बोलणे धरायचे का, हा एक मुद्दा होता. बाईमाणूस मापताना खळ्यावर आले, हा दुसरा. वडील म्हणाले, ती पाया पडून आली होती. माझी आई म्हणाली, ती आली नसती तर आबा संध्याकाळपर्यंत माप धरून बसले असते. तात्यांना विचारले तेव्हा ते डबी कनवटीला लावत होते.

"मला दुसरं ठाव न्हाई," ते म्हणाले. "दोनच झाल्या. म्या मोजल्या."

आबा म्हणाले, "गेल्या साली बी मोजल्या व्हत्या तुमी."

"गेल्या साली नऊच व्हत्या," तात्या म्हणाले आणि घरी गेले.

त्या आठवड्याच्या शेवटी तात्यांचा गडी पुन्हा आला. आबा दारातच होते. गड्याने या वेळी वर बघून निरोप सांगितला.

"तात्या म्हणले, उद्या रास हाय, आबांनी यावं. आन म्हणले, वैनीला बी संगं आणा. डबीसगट."

"बाया नसत्यात राशीला," आबा म्हणाले.

"म्या बी तेच म्हणलो. तर म्हणले, तू सांगून ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी जुंपून दिली. आबा आणि मोठी माय दोघे गेले. तात्यांची रास त्या दिवशी आबांनी मापली.